रोजच्या गाडीला मागचा डिफरन्शियल कोणता बसवावा: एका निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी दोन दारांची. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. मागे अखंड अ‍ॅक्सल आणि त्याच्या हाउसिंगमध्ये कारखान्यातून आलेला साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल. डिफरन्शियल, थोडक्यात डिफ, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणारी आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना. एबीएस आहे, पण ट्रॅक्शन कंट्रोल किंवा स्टेबिलिटी कंट्रोल नाही. मालकांनी काही वर्षांत इंजिनावर टप्प्याटप्प्याने काम करून घेतलं होतं आणि टॉर्क मूळच्या १९० न्यूटन-मीटरवरून २६०च्या घरात गेला होता. क्लच बदलून झाला होता, ब्रेक मोठे झाले होते. मागच्या डिफला मात्र कोणी हात लावला नव्हता.

गाडीचा वापर असा: रोज ऑफिस, तेही गर्दीतून आणि पाऊस असला तरी. सुट्टीच्या दिवशी डोंगरातला वळणावळणाचा रस्ता. एकदा ट्रॅकवर न्यायची इच्छा, पण अजून नेलेली नाही. शिवाय आठवड्यातले काही दिवस गाडी मालकांच्या पत्नी चालवतात. हा शेवटचा तपशील पहिल्या बोलण्यात आलाच नाही. तो पुढे सहज कळला आणि निवडीचं पारडं तिथेच फिरलं.

मालक माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा निर्णय जवळपास झालेला होता. ‘टू-वे क्लच एलएसडी टाकायचाय. ओळखीत एक वापरलेला मिळतोय. घेऊ ना?’ एवढंच त्यांना विचारायचं होतं. (एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, एकाच चाकाचं जागेवर फिरणं रोखणारा डिफ. टू-वे म्हणजे काय ते पुढे येईल.) मालकांची ओळख आणि गाडीचं मॉडेल इथे मुद्दाम दिलेलं नाही. बाकी घटनाक्रम घडला तसा आहे.

नेमकी अडचण

‘मागे ग्रिप नाही’ या एका वाक्यात मालक तीन वेगळ्या तक्रारी सांगत होते. त्या सुट्या करून घेतल्या.

पहिली: चढणीच्या आवळ वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना आतलं मागचं चाक जागेवर फिरतं. इंजिनचे फेरे वाढतात, गाडी पुढे सरकत नाही.

दुसरी: ओल्या रस्त्यावर सिग्नलवरून निघताना उजवं मागचं चाक फिरतं. नेहमी उजवंच.

तिसरी: त्यांच्या पार्किंगच्या तोंडाशी एक चढाव आहे. गाडी त्यावर तिरकी घेतली की एक मागचं चाक जवळजवळ अधांतरी होतं आणि गाडी तिथेच अडकते.

ओपन डिफबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो इथेच दूर केलेला बरा. ‘ओपन डिफ सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देतो’ असं म्हणतात, ते खरं नाही. ओपन डिफ दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतो आणि अडचण नेमकी त्या समानतेतच आहे. घसरणारं चाक जेवढा टॉर्क पेलू शकतं, तेवढाच दुसऱ्या चाकाला मिळतो, मग त्या दुसऱ्याखाली कितीही चांगला रस्ता असो. समजा वळणात हलकं झालेलं आतलं चाक ५०० न्यूटन-मीटर पेलतंय. मग बाहेरच्यालाही ५००च मिळणार, एकूण १,०००. त्यावर दिलेला सगळा अ‍ॅक्सिलरेटर आतल्या चाकाचा वेग वाढवण्यात जातो.

नेहमी उजवंच चाक का, याचंही कारण आहे. पुढचं इंजिन आणि अखंड अ‍ॅक्सल अशा नेहमीच्या रचनेत इंजिनाची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट पिनियनला, म्हणजे डिफच्या तोंडाशी असलेल्या छोट्या गिअरला, फिरवतो तेव्हा अख्खा अ‍ॅक्सलही त्याच दिशेने पिळला जायला बघतो. त्या पिळाने डावं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि उजवं हलकं होतं. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत डिफचं हाउसिंग बॉडीलाच बांधलेलं असतं, त्यामुळे तिथे हा प्रकार दिसत नाही.

डिफ उघडण्याआधी

मालकांना त्याच आठवड्यात डिफ हवा होता. मी त्यांना थांबवलं आणि या प्रकरणातला पहिला निर्णय हाच होता: तक्रार खरंच डिफची आहे का, हे आधी बघायचं.

गाडी लिफ्टवर घेतली. उजव्या मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओला पट्टा होता, वर धूळ बसून त्याची पेस्ट झालेली. मागचे दोन टायर एकाच कंपनीचे होते, पण वेगवेगळ्या वेळी घेतलेले. टायरच्या बाजूला कोरलेल्या उत्पादन-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचायचे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. एक टायर आठ वर्षांचा निघाला. नक्षी शिल्लक होती, पण रबर इतकं कडक झालेलं की नखाने दाबून खूण उमटेना. दोन्ही टायरांच्या नक्षीच्या खोलीतही फरक होता.

हा फरक ओपन डिफला फारसा बाधत नाही. एलएसडीला बाधतो, कारण दोन चाकांचा घेर वेगळा असला की सरळ रस्त्यावरही डिफच्या आतले भाग एकमेकांवर घासत राहतात. त्यामुळे पुढे काहीही ठरलं तरी मागची टायरांची जोडी बदलायची हे तिथल्या तिथे नक्की झालं.

मागचे दोन्ही शॉक आणि मागचे दोन्ही टायर बदलले. डिफ तसाच ठेवला. मालकांना सांगितलं की आता काही आठवडे गाडी नेहमीसारखी चालवा, पावसात चालवा, मग बोलू.

ते परत आले तेव्हा चित्र बदललेलं होतं. सिग्नलवर चाक फिरायचं जवळपास थांबलं होतं. वळणातली तक्रार कमी झाली होती, गेली नव्हती. चढावाची तक्रार जशीच्या तशी. म्हणजे ‘डिफ खराब आहे’ म्हणून आलेल्या तक्रारीतला मोठा वाटा रबराचा आणि गळक्या शॉकचा होता. माझ्या मते इतक्यावर थांबलं असतं तरी चुकलं नसतं. मालकांनी पुढे जायचं ठरवलं, कारण चढणीच्या वळणातली उणीव त्यांना खरोखर खटकत होती आणि इंजिनावर केलेला खर्च नेमका तिथेच वाया जात होता.

समोरचे पर्याय

वेल्ड करून टाकलेला डिफ किंवा स्पूल लगेच बाद झाला. यात दोन्ही चाकं कायमची एकत्र बांधली जातात. या गाडीत दोन मागच्या चाकांमधलं अंतर १.४५ मीटर आहे. गाडीने पूर्ण गोल वळसा घेतला की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.१ मीटर जास्त चालतं, मग वळसा लहान असो की मोठा. चाकं बांधलेली असली तर हा फरक टायर घासून आणि अ‍ॅक्सल शाफ्ट पिळून भरून काढावा लागतो. रोज पार्किंगमध्ये वळणाऱ्या गाडीला हे नकोच.

आपोआप लॉक होणारा दात्यांचा लॉकर, डेट्रॉइट लॉकरच्या जातीचा, चढावाची तक्रार नक्की मिटवतो. पण वळणात तो सुटतो आणि पकडतो तेव्हा आवाज होतो, धक्का बसतो, आणि ओल्या वळणात अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना पकडला तर मागचा भाग अचानक बाहेर जाऊ शकतो. हलक्या, छोट्या व्हीलबेसच्या गाडीत तर मी तो कधीच सुचवणार नाही.

हवेने किंवा विजेने, बटण दाबून लॉक करायचा डिफ चढावासाठी उत्तम, पण वळणासाठी त्याचा उपयोग शून्य. बटण दाबेपर्यंत तो ओपनच असतो, आणि वेगात वळताना बटण दाबायचं नसतं.

व्हिस्कस प्रकारात सिलिकॉनच्या घट्ट द्रवात बुडालेल्या चकत्या असतात. तो वागायला सौम्य असतो, पण चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू लागल्यावरच जागा होतो, म्हणजे थोडा उशिरा. द्रव जुना झाला की पकड मंदावते आणि बहुतेक वेळा अख्खं युनिटच बदलावं लागतं. माझदाच्या एमएक्स-५च्या पहिल्या पिढीत १.६ लीटरच्या गाडीला व्हिस्कस मिळायचा. १९९४च्या मॉडेलपासून आलेल्या १.८मध्ये मोठा क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठं गिअर) आणि टॉर्सन (खाली येणाऱ्या हेलिकल गिअरच्या कुळातला) आला. छोट्या, मागच्या चाकांच्या गाडीसाठी कारखान्यानेच केलेला हा बदल मालकांना बराच बोलका वाटला.

शेवटी दोनच उरले: क्लच-प्लेटवाला आणि हेलिकल गिअरचा.

क्लच-प्लेट प्रकार जुना आणि पारखलेला. १९५६मध्ये स्टुडबेकर-पॅकार्डने डॅनाचा पॉवर-लॉक घेऊन तो सर्वसामान्य गाड्यांत आणला. आत दोन्ही बाजूंना क्लच-प्लेटचे संच असतात. ताकद आली की मधली आडवी पिन प्रेशर रिंगच्या उतारांवर चढते, रिंगा बाजूला ढकलल्या जातात आणि प्लेटा दाबल्या जातात. उतार फक्त एका बाजूला असला तर वन-वे, तो अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच पकडतो. दोन्ही बाजूंना सारखा असला तर टू-वे, तो अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही तेवढाच पकडतो. मधला दीड-वे. शिवाय स्प्रिंगने दिलेला प्रीलोड असतो, म्हणजे ताकद नसतानाही थोडी पकड.

हेलिकल प्रकारात प्लेटा नाहीत. तिरक्या दात्यांची गिअर ताकद आली की हाउसिंगच्या भिंतींवर दाबली जातात आणि त्या घर्षणातून टॉर्क जास्त पकड असलेल्या चाकाकडे झुकतो. व्हर्नन ग्लीसमन यांनी १९५८मध्ये ज्या कल्पनेचं पेटंट मिळवलं आणि जी पुढे टॉर्सन नावाने बाजारात आली, तिच्याच कुळातली ही रचना. दोन चाकांमध्ये टॉर्क किती पट वेगळा ठेवता येतो तो आकडा म्हणजे टॉर्क बायस रेशो. विचाराधीन हेलिकल डिफचा तो २.५ होता. मघाचंच उदाहरण धरलं तर आतलं चाक ५०० पेलत असताना बाहेरच्याला १,२५०पर्यंत देता येतात, एकूण १,७५०. ओपन डिफच्या १,०००च्या जागी.

क्लच-डिफचा आकडा बहुधा लॉकच्या टक्क्यांत सांगतात आणि त्यामुळे तुलना चुकते. दोन चाकांच्या टॉर्कमधला फरक भागिले दोघांची बेरीज, असं ते गणित आहे. ४० टक्के लॉक म्हणजे बायस रेशो साधारण २.३. ५० टक्के म्हणजे ३. बीएमडब्ल्यूच्या कित्येक जुन्या गाड्यांत कारखान्यातून आलेला क्लच-डिफ २५ टक्क्यांचा असायचा, म्हणजे जेमतेम १.७. ‘क्लचवाला जास्त पकडतो’ हे सरसकट खरं नाही. कोणता क्लचवाला, कोणत्या सेटिंगचा, हे विचारावं लागतं. ओळखीत मिळत असलेल्या त्या टू-वे डिफचं सेटिंग देणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

निर्णय कुठे अडला

अडला तो चढावापाशी. हेलिकल डिफची उघड उणीव ही की एक चाक पूर्ण अधांतरी झालं की शून्याची अडीच पट शून्यच. मालकांनी हे वाचलेलं होतं आणि टू-वे हवा म्हणण्यामागे त्यांचं हेच मुख्य कारण होतं: क्लच-डिफला प्रीलोड असतो, म्हणजे तो चढाव चढवेल.

आम्ही कागद घेऊन बसलो. प्रीलोड ८० न्यूटन-मीटर आणि लॉक ४० टक्के धरला, तर एक चाक हवेत असताना दुसऱ्याला मिळतात सुमारे १३३ न्यूटन-मीटर. गाडी १,२५० किलोची, टायरची त्रिज्या ०.३१ मीटर. दहा टक्क्यांच्या चढावावर नुसतं सरकायला चाकाशी ३८०च्या आसपास लागतात. म्हणजे ज्या कारणासाठी क्लच-डिफ घ्यायचा, ते काम रस्त्यावर वापरण्याजोग्या सेटिंगचा क्लच-डिफही करत नाही. प्रीलोड तेवढा वाढवला तर रोजच्या प्रत्येक वळणावर मागचे टायर घासत, प्लेटा कुरकुरत जायचं. हा आकडा समोर आल्यावर मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मग चढावाचं वेगळं बघू.’ या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा क्षण. तीनही तक्रारी एकाच सुट्या भागाने सुटल्या पाहिजेत हा हट्ट सुटला आणि निवड सोपी झाली.

त्याच गप्पांत पत्नी गाडी चालवतात हे कळलं. त्यांना फोन करून विचारलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ‘पावसात मला आश्चर्य नको. बाकी तुम्ही काहीही बसवा.’

ओपन डिफमध्ये ओल्या वळणात अ‍ॅक्सिलरेटर जास्त झाला तर आतलं एक चाक फिरतं आणि बाहेरचं आडवी पकड धरून ठेवतं. गाडी सुस्त होते, पण आपल्या रेषेत राहते. कोणतीही एलएसडी हे एका चाकाचं फिरणं रोखते आणि मर्यादा ओलांडली की दोन्ही चाकं एकदम सुटतात, मागचा भाग बाहेर जातो. स्टेबिलिटी कंट्रोल नसलेल्या गाडीत तो सावरायचा चालवणाऱ्यानेच. एलएसडीच्या जाहिरातीत ग्रिप वाढल्याचं सांगतात, ही दुसरी बाजू सांगत नाहीत, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी तीच जास्त महत्त्वाची आहे. टू-वेमध्ये आणखी एक भर: अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही चाकं बांधलेली राहतात, त्यामुळे वळणात शिरताना गाडी सरळ जायला बघते. ट्रॅकवर किंवा ड्रिफ्टसाठी हे वागणं मुद्दाम मागितलं जातं. पावसात ऑफिसला जाताना त्याचा काही उपयोग नाही. हेलिकलची पकड ताकदीच्या प्रमाणात हळूहळू वाढते आणि ताकद नसली की तो जवळपास ओपनसारखा वागतो.

तिसरा प्रश्न देखभालीचा. क्लच-प्लेटा झिजतात, त्यांना घर्षण-नियंत्रक मिसळलेलं तेल लागतं, ते लवकर बदलावं लागतं आणि कधीतरी संच नवा घालावा लागतो. मालक हे करायला तयार होते. पण गाडी महिनोन्‌महिने फक्त गर्दीत चालणार असेल तर हळू वेगाच्या वळणांची झीज प्लेटांना सगळ्यात जास्त खाते.

हेलिकल, बायस रेशो २.५, असं ठरलं.

काम

मागवण्याआधी तीन गोष्टी तपासल्या: अ‍ॅक्सल शाफ्टच्या स्प्लाइनची, म्हणजे टोकावरच्या खाचांची, संख्या, क्राउनच्या बोल्टांचा घेर आणि गाडीचा क्राउन-पिनियन रेशो त्या केसच्या पट्ट्यात बसतो का. काही अ‍ॅक्सलमध्ये कमी आणि जास्त रेशोसाठी डिफची केस वेगळी असते. नाव एकच, पण क्राउन बसत नाही. हा घोळ डबा उघडल्यावर कळला तर गाडी अडकून पडते.

काम ज्या मेकॅनिककडे दिलं त्यांनी मागचं झाकण काढल्यावर पहिल्यांदा जुन्या सेटचा बॅकलॅश, म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दात्यांमधली मोकळीक, डायल गेजने मोजून झाकणावर खडूने लिहिला: ०.१८ मिलिमीटर. ही सवय लाखमोलाची आहे. तेच क्राउन-पिनियन परत वापरायचे असले तर पिनियनची खोली बदलत नाही आणि जुना आकडा हेच लक्ष्य असतं.

जुना डिफ टेबलावर सुटा केला तेव्हा एक गोष्ट दिसली जी चालवताना कोणालाच जाणवली नव्हती. स्पायडर गिअरच्या (डिफच्या आतल्या छोट्या गिअरच्या) आडव्या पिनवर एका बाजूला खाच पडली होती, बोट फिरवलं की नख अडकेल इतकी. तिथला धातू निळसर झाला होता आणि थ्रस्ट वॉशर कडेला कागदासारखा पातळ. एक चाक जागेवर फिरतं तेव्हा स्पायडर गिअर त्या पिनवर भरधाव फिरतात आणि त्या सांध्यात तेल पोचायला फारसा वाव नसतो. इतकी वर्षं उजवं चाक फिरत होतं, त्याची नोंद या पिनवर होती. म्हणजे ‘काहीच बदलायचं नाही’ हा पर्यायही तसा फुकटचा नव्हता. पिन तुटली असती तर क्राउनचे दातेही गेले असते.

नव्या केसवर नवे बेअरिंग दाबले, क्राउन नव्या बोल्टांनी आणि थ्रेडलॉक लावून बसवला. पहिल्या जुळणीत बॅकलॅश ०.२८ आला. एका बाजूची शिम (जागा भरणारी पातळ चकती) कमी करून तेवढीच दुसऱ्या बाजूला घातली. एकूण जाडी तीच ठेवली की बेअरिंगचा प्रीलोड बदलत नाही, फक्त क्राउन पिनियनकडे सरकतो. शेवटी ०.१७ आला, क्राउनवर तीन-चार ठिकाणी मोजून. मग दात्यांना रंग लावून पॅटर्न पाहिला. ठसा दात्याच्या मधोमध, थोडा टाचेकडून (दात्याच्या बाहेरच्या टोकाकडून) बोटाकडे (आतल्या टोकाकडे) झुकलेला. मेकॅनिकनी तो फोनवर फोटो काढून ठेवला. पुढे कधी आवाज आला तर तुलनेला.

तेल ७५डब्ल्यू-९०, जीएल-५, निर्मात्याने सांगितलेलं. शेल्फवरची घर्षण-नियंत्रकाची बाटली सवयीने हातात आली होती, ती परत ठेवायला लावली. हेलिकल डिफ घर्षणावरच काम करतो. ते कमी करणारं काही ओतलं तर ज्यासाठी पैसे मोजले तो गुणच कमी होतो. या डिफच्या सूचनापत्रातही ते घालू नका असंच होतं.

झाकण बंद करण्याआधी मालकांना एक गोष्ट निक्षून सांगितली, ती इथेही लिहितो. एलएसडी बसवलेली गाडी एकच मागचं चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये चालू करायची नाही. जमिनीवरच्या चाकाला टॉर्क मिळून गाडी जॅकवरून उडी घेऊ शकते.

परिणाम

पहिले काही किलोमीटर हळू, मग थांबून अ‍ॅक्सल थंड, मग पुन्हा. सुमारे ८०० किलोमीटरनंतर तेल बदललं. तेलात बारीक चमक होती, तुकडे नव्हते.

चढणीच्या वळणातली तक्रार गेली. दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना इंजिनचे फेरे एकटेच वर जात नाहीत, गाडी मागून ढकलल्यासारखी निघते. पार्किंगमध्ये, पूर्ण स्टिअरिंग वळवून, कसलाही आवाज किंवा घासणं नाही. पत्नींना फरक जाणवला का विचारलं. त्या म्हणाल्या, जाणवला नाही. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात चांगला निकाल होता.

मालकांना मात्र एक सवय मोडावी लागली. आधी आतलं चाक फिरू लागलं की त्यांना इशारा मिळायचा: अ‍ॅक्सिलरेटर जास्त झाला, कमी कर. आता तो इशारा नाही. त्यांनी मोकळ्या, ओल्या मैदानावर दुसऱ्या गिअरमध्ये मर्यादा कुठे आहे ते हळूहळू वाढवत पाहिलं. मागचा भाग सरकतो तो हळू सरकतो, सावरता येतो, पण आधीच्या मानाने जास्त अ‍ॅक्सिलरेटरवर आणि दोन्ही चाकं मिळून सरकतो. ही ओळख मोकळ्या जागेत झाली हे बरं झालं.

चढाव? तिथे अजूनही तिरकी घेतली की चाक फिरतं. पण हँडब्रेक थोडा ओढला की थोडी मदत होते, आणि त्यामागचं गणित छान आहे. समजा हँडब्रेकने प्रत्येक चाकावर ६०चा अडथळा आला. ओपन डिफमध्ये हवेतल्या चाकाला ६० मिळतात म्हणून जमिनीवरच्यालाही ६०, आणि ते त्याच्याच ब्रेकमध्ये जिरतात. हाती शून्य. हेलिकलमध्ये जमिनीवरच्या चाकाला १५० मिळतात, ब्रेकचे ६० वजा जाऊन ९० शिल्लक राहतात. एकट्या त्यावर गाडी चढत नाही, पण चाक पुरतं अधांतरी नसेल तर फरक पडतो. खरा उपाय निघाला तो म्हणजे चढाव सरळ घ्यायचा, दोन्ही चाकं एकदम चढतील असा. त्यासाठी समोरच्या भिंतीशी ठेवलेल्या कुंड्या हलवाव्या लागल्या.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी कोण कोण चालवतं हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला असता तर टू-वेवर घालवलेला बराच वेळ वाचला असता. डिफच्या कोणत्याही सल्ल्यात हा प्रश्न टॉर्कच्या आकड्याआधी यायला हवा.

टायर आणि शॉक दोन टप्प्यांत बदलले असते तर कोणाचा वाटा किती हे स्पष्ट कळलं असतं. इथे दोन्ही एकदम बदलल्यामुळे ते कळलं नाही. माझा अंदाज टायरकडे झुकतो, पण तो अंदाजच आहे.

अ‍ॅक्सल उघडलाच होता तर पिनियनचं सील आणि बाहेरच्या चाकांची बेअरिंग त्याच वेळी बदलता आली असती. मेकॅनिकनी सुचवलं होतं, मालकांनी खर्चासाठी नको म्हटलं. काही महिन्यांनी पिनियनच्या सीलमधून तेल पाझरू लागलं आणि प्रोपेलर शाफ्ट पुन्हा काढावा लागला. तेव्हा हाउसिंगचा ब्रीदरही, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, धुळीने बंद झालेला सापडला. ब्रीदर बंद असला की तापलेल्या अ‍ॅक्सलमधला दाब सीलवरच येतो. तो आधी मोकळा केला असता तर कदाचित सील आणखी टिकलं असतं.

आणि मालकांचा मूळ आग्रह वेगळ्या परिस्थितीत बरोबर ठरला असता. हीच गाडी प्रामुख्याने ट्रॅकसाठी असती, चालवणारे एकटे तेच असते आणि कर्बवर आतलं चाक वारंवार उचललं जात असतं, तर मी दीड-वे क्लच-डिफ सुचवला असता, प्रीलोड मोजून घेतलेला, प्लेटा नव्या घातलेला. वापरलेला, सेटिंग माहीत नसलेला टू-वे मात्र तिथेही घेतला नसता. तो घ्यायचाच झाला तर आधी एक मागचं चाक उचलून, दुसरं जमिनीवर ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडून, पुढच्या चाकांना ठोकळे लावून, टॉर्क रेंचने उचललेलं चाक किती टॉर्कवर फिरायला लागतं ते मोजता येतं. निर्मात्याने दिलेल्या आकड्यापेक्षा ते बरंच कमी आलं तर प्लेटा संपलेल्या आहेत.